किनाऱ्यावरचे वादळ, वॉर्डातला ताप

सप्टेंबर संपत आला की बातम्यांत काही ठरावीक नावे कानावर येऊ लागतात. कलिंगपट्टणम, विशाखापट्टणम, गोपाळपूर, पारादीप. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा, मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा इशारा. पुंडलिकनगरातल्या माझ्या घरी ही बातमी लागली की कोणीतरी लगेच चॅनल बदलते. त्यात चूक काय? समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असलेल्या आपल्या शहराला आंध्रच्या किनाऱ्याशी काय देणेघेणे?

सरकारी रुग्णालयात तापाचे रुग्ण तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, देणेघेणे आहे आणि ते मोठे आहे.

२०२१ साल आठवा. २६ सप्टेंबरच्या संध्याकाळी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला धडकले. ते ठिकाण आपल्यापासून नऊशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. जमिनीवर येताच वादळाचा जोर ओसरला आणि बातमीही मागे पडली. पण ती प्रणाली तेलंगण ओलांडून मराठवाड्यावर आली. २७ आणि २८ सप्टेंबरला लातूर, धाराशिव, बीडमध्ये धो धो पाऊस कोसळला. मांजरा आणि तेरणा पात्र सोडून शेतात शिरल्या, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, अडकलेल्या माणसांना बोटींनी आणि हेलिकॉप्टरने काढावे लागले. काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले. हीच प्रणाली पुढे अरबी समुद्रात उतरली, तिथे तिने पुन्हा बळ धरले आणि ‘शाहीन’ या नव्या नावाने ३ ऑक्टोबरला ती ओमानवर आदळली.

आपल्याकडचे शेतकरी या पावसाला हस्ताचा पाऊस म्हणतात. हत्ती आला की सोंडेने ओततो, असे जुनी माणसे सांगत. त्यांचे निरीक्षण बरोबरच आहे. विज्ञान एवढेच सांगते की या हत्तीची वाट अनेकदा पूर्वेच्या समुद्रातून येते.

तो नेमका शरदातच का येतो? बंगालचा उपसागर या दिवसांत गरम असतो. वादळ तयार व्हायला पाण्याच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २६ ते २७ अंशांच्या वर लागते, ते तिथे सहज मिळते. त्यात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा या नद्यांनी पावसाळाभर गोडे पाणी आणून ओतलेले असते. गोडे पाणी हलके असल्याने ते खाऱ्या पाण्यावर थरासारखे पसरते. एरवी वादळाचा वारा समुद्र घुसळून खालचे थंड पाणी वर आणतो आणि स्वतःच मंदावतो. इथे हा थर त्या घुसळणीला आडवा येतो आणि वरची ऊब टिकून राहते. भर पावसाळ्यात वरच्या हवेतले जोराचे वारे वादळाची उभी रचना मोडून टाकतात, मान्सून परतू लागला की तेही सैलावतात. म्हणून या समुद्रात वादळांचे दोन हंगाम असतात: एक पावसाळ्याच्या आधी, दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘गुलाब’ या दुसऱ्या हंगामाच्या उंबरठ्यावर आले.

जमिनीवर आलेल्या वादळाला समुद्राची ऊब मिळत नाही. त्याचा वारा काही तासांत मरतो, पाऊस मात्र मरत नाही. बाष्पाने भरलेले ते चक्र पश्चिमेकडे सरकत राहते. मराठवाड्यातून मान्सून साधारण ऑक्टोबरमध्ये माघारी जातो. तोवर हवा आणि माती ओलीच असते आणि त्या चक्राला वाटेत खाद्य मिळत जाते.

आता वॉर्डातली गोष्ट. त्या पुरानंतर आठ-दहा दिवसांनी चाळिशीचा एक शेतकरी आमच्याकडे आला. सोयाबीनची गंजी वाचवायला तो कमरेएवढ्या पाण्यात अर्धा दिवस उभा होता. पुढे ताप आला. कोरोनाचे दिवस होते, त्यामुळे आधी ती चाचणी झाली. ती निगेटिव्ह आल्यावर घरच्यांना हायसे वाटले आणि तापाच्या गोळ्यांवर चार दिवस गेले. आमच्यापर्यंत पोहोचला तेव्हा डोळे लाल होते, त्यांत पिवळेपणा होता, पोटऱ्या हात लावू देत नव्हत्या आणि लघवी जवळजवळ थांबली होती. आजार होता लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या आणि जनावरांच्या मूत्रातले जंतू पाण्यातून, पायाच्या भेगांतून शरीरात शिरतात. वेळेत ओळखला तर साध्या प्रतिजैविकाने बरा होणारा हा आजार आहे. डायलिसिस करून तो वाचला. पण त्याच्या बायकोने विचारलेला प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही: “साहेब, पाण्यात उतरल्यानं ताप येतो, हे आम्हाला आधी कुणी का नाही सांगितलं?”

सांगता आले असते. पुरानंतरच्या आजारांना त्यांचे वेळापत्रक असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत बुडणे, विजेचे धक्के आणि सर्पदंश. बिळांत पाणी शिरले की साप गंजीत आणि घरात येतात. पहिल्या आठवड्यात जुलाब आणि उलट्या, कारण विहिरी आणि नळाच्या गळक्या वाहिन्यांत घाण शिरते. पाचव्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत लेप्टो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डेंग्यू, कारण अंड्यापासून डास व्हायला ७ ते १० दिवस, डासात विषाणू वाढायला आणखी तेवढेच आणि चावल्यावर ताप यायला जवळपास आठवडा लागतो. शरद ऋतू ही वैद्याची आई, अशी जुनी थट्टा आहे. ती कशी पोसते, हे या वेळापत्रकात दिसते.

शहरातल्यांनीही निर्धास्त राहू नये. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे घरोघरी ड्रम, टाक्या, हौद भरलेले असतात. डेंग्यूच्या डासाला असेच स्वच्छ, साठलेले पाणी लागते. गच्चीवर पावसाने भरलेले टायर आणि कुंड्यांखालच्या बशा त्यात भर घालतात.

पूर्वेच्या किनाऱ्याने हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकला. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे गेली. १२ ऑक्टोबर २०१३ ला त्याच राज्यात गोपाळपूरजवळ ‘फायलिन’ आले. त्याआधी जवळपास दहा लाख लोकांना हलवले होते, आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. समुद्र तोच होता, महिनाही तोच. बदलले एवढेच की इशारा मिळाल्यावर कोणी काय करायचे, हे गावागावांत ठरलेले होते.

आपल्याकडे ते ठरलेले नाही. ‘गुलाब’ किनाऱ्यावर आल्यापासून मराठवाड्यात पूर येईपर्यंत एक-दीड दिवस हातात होता. हवामान खात्याचा इशारा आज जिल्हा प्रशासनापर्यंत पोहोचतो, पण तो धरणाचा विसर्ग आणि पंचनाम्याच्या कामी येतो. तो आरोग्याचाही इशारा मानला पाहिजे. वादळ आंध्रच्या किनाऱ्याला लागले, त्याच दिवशी त्याच्या वाटेवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस, सलाइन, ओआरएस आणि डॉक्सिसायक्लिन मोजून ठेवावे. ग्रामपंचायतीने टीसीएल पावडर आहे का, ते पाहावे. पाणी ओसरताच आशाताईंनी घरोघरी एकच प्रश्न विचारावा: पुराच्या पाण्यात कोण कोण उतरले होते? त्या यादीतल्या माणसाला पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांनी लेप्टोचा विचार आधी करावा. याला नवी इमारत लागत नाही, फक्त ठरवावे लागते.

वाचकांनीही काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पुराच्या पाण्यात उतरावे लागले तर पायात गमबूट घाला, बाहेर आल्यावर साबणाने पाय धुवा आणि प्रतिबंधक गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. पाणी उकळून प्या. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करा. साप चावला तर बांधू नका, कापू नका, चावलेला अवयव न हलवता थेट रुग्णालय गाठा. तापात पॅरासिटामॉल चालते, अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक स्वतःच्या मनाने घेऊ नका. आणि डेंग्यूत ताप उतरला म्हणजे धोका टळला, असे समजू नका. ताप उतरतानाच पोटात जोराचे दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा खूप मरगळ दिसली, तर त्याच तासाला दवाखाना गाठा.

या शरदात कलिंगपट्टणमचे नाव पुन्हा बातम्यांत येईल. तेव्हा चॅनल बदलू नका. दोन मिनिटे ऐका, आणि मग गच्चीवर जाऊन ते टायर रिकामे करा. गावाकडे शेत असेल तर तिकडेही एक फोन करा.