मराठी पुस्तिकेची वेलांटी कुठे अडकते?

माजिवडा (ठाणे), खास प्रतिनिधी

माजिवडा नाक्यावरून घोडबंदरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या वसाहतींत संगणक व्यवसायातील नोकरदार मोठ्या संख्येने राहतात. तेथील एखाद्या सोसायटीच्या चिटणीसाने हिशेबाच्या सॉफ्टवेअरची मराठी पुस्तिका पीडीएफ स्वरूपात उघडली आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलेली किंवा पानभर रिकामे चौकोन दिसले, तर तो बोल अनुवादकाला लावतो. खरा दोष बहुधा पुस्तिका बांधणाऱ्या साधनांत असतो.

अशा पुस्तिका आता पानापानाने जुळविल्या जात नाहीत. साध्या संहितेत लिहिलेला मजकूर २००८ पासून प्रचलित असलेल्या 'स्फिंक्स'सारख्या साधनातून लाटेकमध्ये जातो आणि तेथून पीडीएफ तयार होते. या शेवटच्या टप्प्यावरील पीडीएफटेक हे इंजिन युनिकोड फॉन्ट रुळण्यापूर्वीच्या विचाराने घडलेले आहे. 'कि' लिहिताना वेलांटी क नंतर टंकली जाते, पण काढावी लागते क च्या आधी. रेफ तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. हे गणित त्या इंजिनाला ठाऊक नाही. फ्रान्स व्हेल्थुइस या डच गृहस्थांनी १९९१ मध्ये देवनागरीसाठी पूर्वसंस्कार करणारी आज्ञावली लिहिली, ती याच अडचणीपोटी. पुढे २००४ मध्ये जोनाथन क्यू यांचे झीटेक आले, २०१३ मध्ये त्यात 'हार्फबझ' ही अक्षरजुळणी बसली आणि २०२० मध्ये लुआलाटेकलाही तिचा लाभ झाला. ही सारी साधने विनामूल्य आहेत.

मग घोडे अडते कुठे? स्फिंक्समध्ये चिनी वा ग्रीक भाषा निवडताच झीटेक आपोआप लागू होते. मराठी निवडली तर जुनेच इंजिन कायम राहते. बदल प्रकल्पचालकाने स्वतः करावा लागतो. तो जेमतेम दोन-चार ओळींचा आहे. तथापि इंजिन बदलले की इंग्रजी पुस्तिकेचीही पाने सरकतात, तक्ते फुटतात आणि शेकडो पाने पुन्हा तपासावी लागतात. साहजिकच 'चालते आहे, हात लावू नका' हा दंडक पाळला जातो. इंग्रजीची घडी मोडू नये म्हणून मराठीची मोडलेली घडी सहन करायची, असा हा व्यवहार आहे.

दिसणे सुधारले तरी काम संपत नाही. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे निश्चित केली. परंतु मजकुराची भाषा मराठी असल्याची खूण इंजिनाला दिली नाही, तर अनेक फॉन्ट हिंदी वळणेच छापतात. त्याहून गंभीर बाब शोधाची. युनिकोडपूर्व फॉन्टमधील पीडीएफ डोळ्यांना देखणी दिसते, पण तीत 'पावती' शब्द शोधला तर सापडत नाही. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीवर विसंबणाऱ्या अंध वाचकाला तर ती निरर्थकच. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा असूनही ही कसोटी क्वचितच लावली जाते. वास्तविक ती अगदी सोपी आहे : पुस्तिकेतील एक परिच्छेद उचलून दुसरीकडे डकवावा आणि वेलांट्या जागेवर राहतात का ते पाहावे. नव्या इंजिनांतही प्रत्येक वेळी त्या राहतातच असे नाही. त्यामुळे साधने बदलल्यावर मराठी वाचणाऱ्या माणसाकडून तपासणी अटळ ठरते, आणि नेमक्या त्याच माणसाच्या वेळेची तरतूद प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात नसते.