चाचणी मागावी कोणाकडे?

मुंबई-पुण्याहून गावी येणाऱ्या लेकाला ‘आधी चाचणी करून ये’ असे सांगणे म्हणजे माया आटणे नव्हे. घरात वृद्ध असताना ते शहाणपणच होय. परंतु संत नामदेवांचे जन्मगाव मानल्या जाणाऱ्या नरसीत हे शहाणपण कोणाच्या खिशातून यावयाचे? जून २०२० मध्ये राज्य सरकारने खासगी प्रयोगशाळांना कोरोना चाचणीसाठी २२०० रुपयांची मर्यादा घातली. रोजगार हमीची मजुरी त्या वर्षी होती २३८ रुपये! म्हणजे आईच्या एका भेटीसाठी नऊ दिवसांहून अधिक राबणे आले. हा दर ५०० वर यावयास मार्च २०२१ची अखेर उजाडली. पुढील साथीत चाचणी हिंगोलीच्या एस.टी. स्थानकावरच विनामूल्य मिळावी, ही मागणी सरकारकडे आजच केली पाहिजे.