दाढ दुखते, गैरहजेरी लागते

अंगणवाडीच्या हजेरीपटावर मूल आलं की नाही एवढंच कळतं. का आलं नाही, ते नाही. घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांत आम्ही आयांना विचारतो तेव्हा ताप, पाऊस, गावी गेलो होतो, ही कारणं आधी येतात. जरा बसून बोललं की दाताची गोष्ट निघते. रात्रभर दाढ ठणकत होती, पोर पहाटे झोपलं, मग उठवलंच नाही. दुसऱ्या दिवशी पाठवलं तरी चावता येत नाही म्हणून खाऊ तसाच परत.

हे दोन-चार घरांचं दुखणं नाही. २००२-०३ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांच्या ५१.९ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते.

"दुधाचेच दात, पडणारच आहेत," असं घरोघरी म्हणतात. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. तीन वर्षांच्या मुलीने तोवर कळ सोसायची का? दोष मात्र आईवर. पहाटे धुणीभांड्याला निघणारी बाई पोराच्या हातात पाच रुपयांचा बिस्किटपुडा देते, कारण तेवढंच हाताशी असतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी, त्यात शहरी झोपडपट्ट्याही आणि दातांची कीडही. कागदावर उत्तम. पण चिठ्ठी हातात पडल्यावर जायचं कुठे? पालिकेचं नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला, राज्य सरकारचं सीएसएमटीजवळ. मुलुंड-बोरिवलीहून तासभर लोकल, मग सकाळच्या ओपीडीची रांग. अंगणवाडीही सकाळीच. म्हणजे उपचारासाठी मुलाची हजेरी बुडते नि आईचा खाडा पडतो. खोल किडलेल्या दाढेला तर दोन-तीन फेऱ्या लागतात, आणि इतके खाडे झाले की बाईचं कामच सुटतं. मग मेडिकलमधली गोळी आणि लवंग, एवढ्यावर भागवलं जातं.

उपनगरातल्या पालिका रुग्णालयांत दातांचे विभाग आहेत, 'आपला दवाखाना'च्या काही पॉलिक्लिनिकमध्ये दंतवैद्य बसतात. वस्तीत हे किती जणींना ठाऊक आहे? आमच्या मते लहान मुलांसाठी संध्याकाळची वेळ ही पहिली मागणी हवी. हे काम अंगणवाडी सेविकांच्या गळ्यात मारू नये. मानधनासाठी डिसेंबर २०२३ पासून त्यांना संपावर बसावं लागलं होतं.

अनेक अंगणवाड्या विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या खोलीत भरतात. तिथल्या युवक मंडळांनी वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्यांना तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. इथल्या मुलांचे दात शेवटचे कधी तपासले, किती जणांना चिठ्ठी दिली, त्यातल्या किती जणांवर प्रत्यक्ष उपचार झाले. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, त्याला दहा रुपये लागतात.