गच्चीवरचे ऊन आणि आमची कुरकूर

बालरोगतज्ज्ञाच्या तपासणीच्या खोलीत सर्वांत अधिक वेळा ऐकू येणारे वाक्य कोणते, असे कोणी विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन : "डॉक्टर, हा काही खातच नाही." पंचवीस वर्षांहून अधिक काळ मी हे वाक्य मराठीत, हिंदीत, माळवीत आणि सिंधीतही ऐकत आलो आहे. माझे उत्तरही ठरलेले आहे : "वजनाचा तक्ता आणलात का?" तक्त्यावरची रेषा नेमाने वर चढत असेल तर आईची काळजी खरी, पण आजार नाही. रेषा आडवी झाली असेल तर मात्र त्या कुरकुरीमागे काहीतरी दडलेले आहे, असे समजून शोध घ्यावा लागतो.

संपादक मंडळाने यंदा "वैद्यकीय सोडून काहीही लिहा" अशी सवलत दिली, तरी आरंभ तपासणीच्या खोलीतच झाला, याबद्दल क्षमस्व. कारण असे की, सकाळच्या फिरण्यानंतर पोह्यांच्या गाडीपाशी आम्हां डॉक्टर मंडळींची जी नित्य सभा भरते, तीही एक प्रकारची ओपीडीच असते. खोदलेले रस्ते, एक दिवसाआड येणारे नळ, गाडी लावायला नसलेली जागा आणि विजेचे बिल या तक्रारी तिथे ठरलेल्या क्रमाने येतात. अलीकडे त्यांत घरावरच्या सोलर पॅनलची भर पडली आहे. एक सर्जन मित्र म्हणतात, "पैसे पाण्यात." दुसरे भूलतज्ज्ञ म्हणतात, "माझे बिल शून्य." दोघेही आपल्या शास्त्रात पुराव्यावाचून एक गोळी लिहून देणार नाहीत. पण गच्चीचा विषय निघाला की दोघांच्याही हातात तक्ता नसतो.

माझी स्वतःची विजेविषयीची कुरकूर जुनी आहे. मी इंदूरला व्यवसाय सुरू केला तो २००० च्या सुमारास. ज्याला महाराष्ट्रात भारनियमन म्हणतात आणि आमच्याकडे नुसते 'कटौती' म्हणतात, तिचा तो काळ. २००३ च्या निवडणुकीत 'बिजली, सडक, पानी' या तीन शब्दांवर राज्याचे सरकार बदलले, हे आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. त्या दिवसांत काविळीचे नवजात बाळ निळ्या दिव्यांखाली ठेवलेले असावे आणि वीज जावी, हा माझा नित्याचा अनुभव होता. जनरेटर सुरू होईपर्यंतची ती चार-पाच मिनिटे मी घड्याळाकडे न पाहता काढायला शिकलो. बाहेर माळव्याचे रखरखीत ऊन आणि आत दिवे बंद! या विरोधाभासाने तेव्हा मनात जी चीड धरली, ती वीस वर्षांनी मला सोलरकडे घेऊन गेली. म्हणजे माझा निर्णय हिशेबाने नव्हे, जुन्या रागाने झाला, हे आधीच कबूल करतो. हिशेब नंतर केला.

तो हिशेब असा. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' सुरू केली. तीत पहिल्या दोन किलोवॅटांना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये आणि त्यापुढे कितीही मोठा संच लावला तरी एकूण ७८,००० रुपयेच अनुदान मिळते. त्यासाठी पॅनल देशी बनावटीचे लागतात. लोकमान्यनगरातील आमच्या घरावर मी ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन किलोवॅटचा संच बसविला. खर्च १,९५,००० रुपये, अनुदान वजा जाता १,१७,०००. पहिल्या बारा महिन्यांत त्याने ४,०५० युनिटे वीज दिली. माझ्या बिलातील वरच्या टप्प्याचे युनिट सर्व आकार धरून सुमारे सात रुपयांना पडते. म्हणजे वर्षाला अठ्ठावीस हजारांच्या आसपास बचत, आणि घातलेली रक्कम चार वर्षांहून थोड्या अधिक काळात परत. पॅनलची हमी पंचवीस वर्षांची असते आणि त्यांची क्षमता दरवर्षी अर्धा-पाऊण टक्का घटत जाते. इन्व्हर्टर मात्र मध्ये एकदा बदलावा लागेल, तो खर्च आताच मनात धरलेला बरा.

रोजच्या उत्पादनाचा आलेख मी टायफॉइडच्या तापाच्या तक्त्यासारखा कौतुकाने पाहत असे. त्यातून एक गंमत कळली. सर्वांत चांगले दिवस मार्च-एप्रिलचे, रोजची चौदा-पंधरा युनिटे देणारे. ऐन मे महिन्यात ऊन अधिक असूनही आकडा थोडा उतरतो, कारण पॅनलला प्रकाश मानवतो, उष्णता मानवत नाही. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का शक्ती कमी होते, आणि मे महिन्यात काचेखालचे तापमान ६५ अंशांपर्यंत जाते. धुळीचा थर वेगळाच. ऑगस्टच्या एका झाकोळलेल्या दिवशी तर संपूर्ण दिवसात दोन युनिटे मिळाली.

आता माझ्या फजितीची गोष्ट. संच विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितले होते, "साहब, अब लाइट का टेन्शन ही खतम." जून २०२५ मध्ये एका पहाटे वादळ झाले, कुठेशी फांदी तारांवर पडली आणि वीज गेली. सकाळी दहापर्यंत आकाश लख्ख झाले. गच्चीवर पॅनल तळपत होते आणि घरात पंखाही फिरत नव्हता. खाली दवाखान्यात लसींचा फ्रिज. त्याची जोडणी निराळी, व्यावसायिक. वरून एक तार ओढून घेऊ, असे मी मनाशी योजून ठेवले होते. ओढणार काय! वरचाच इन्व्हर्टर बंद. लसी २ ते ८ अंशांतच राहिल्या पाहिजेत. फ्रिजमधला काटा सहाच्या पुढे सरकू लागला तेव्हा मी आणि आमची परिचारिका बर्फाच्या पिशव्यांच्या डब्यात लसी हलवीत होतो, आणि मी त्या विक्रेत्याला मनोमन जी विशेषणे लावीत होतो, ती स्मरणिकेत छापण्याजोगी नाहीत.

त्याच आठवड्यात एक गृहस्थ मुलीला लस द्यायला आले. वीज विभागात लाइनमन आहेत. त्यांच्यापुढे मी माझी कुरकूर मांडली. ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाब, उस दिन खंभे पर मैं ही था. आपका सोलर चालू रहता तो करंट उलटा मेरे पास आता."

मी त्या मुलीच्या दंडाकडे पाहत राहिलो. बाहेरची वीज जाताच असा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो, तो बिघाड नसून मुद्दाम ठेवलेली सोय आहे. बंद समजून हाताळलेल्या तारेत एखाद्या गच्चीवरून वीज येऊ नये, यासाठी ती आहे. वीज गेल्यावरही घर चालू ठेवायचे असेल तर बॅटरीचा निराळा संच लागतो, त्याचा खर्च निराळा आणि बॅटरी म्हातारीही लवकर होते. हे आधी कोणी सांगितले नाही, ही विक्रेत्याची चूक. मी विचारले नाही, ही माझी. फ्रिजसाठी आता खाली साधा बॅटरीवाला इन्व्हर्टर ठेवला आहे. माझी जुनी चीड होती ती वीज जाण्याची, आणि मी विकत घेतला तो बिल कमी करण्याचा उपाय. लक्षण एक आणि औषध दुसरे, असे एखाद्या शिकाऊ डॉक्टराने केले असते तर मी त्याला वॉर्डात सर्वांसमोर झापले असते.

तेव्हा माझे मत विचाराल तर सोलर फायद्याचे आहे, पण सरसकट नाही. माझी एक मावशी एकटी राहते, महिन्याला जेमतेम १२० युनिटे जाळते. १५० युनिटांच्या आत वापर ठेवणाऱ्यांना राज्याच्या गृहज्योती योजनेत पहिली १०० युनिटे १०० रुपयांत मिळत आली आहेत. तिला मी सोलर घेऊ दिले नाही. आपल्या समाजातील अनेक घरांत मुले पुण्याला, बंगळुरूला वा अमेरिकेत आणि दोन वृद्ध जीव मोठ्या बंगल्यात, अशी स्थिती आहे. त्यांचेही बिल आधी पाहावे, बंगला नंतर. गरजेपेक्षा मोठा संच लावून वीज विकण्याचे स्वप्नही कोणी पाहू नये, कारण वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांना मिळणारा भाव आपण देतो त्याहून बराच कमी असतो. दवाखान्याच्या जोडणीला हे अनुदान नाही, तिथे घसाऱ्याचा लाभ मिळतो, तो आपल्या सीएला विचारावा.

घरच्या तक्रारी निराळ्याच. पॅनलखाली कबुतरांनी संसार थाटला. दर पंधरा दिवसांनी काचा धुवाव्या लागतात. आईला कुरडया-पापडांची हक्काची जागा गेल्याचे दुःख आहे, आणि ते रास्त आहे. तिचे वाळवण आता दवाखान्याच्या पत्र्यावर असते, जिना उतरताना मी तिचा हात धरतो. पत्नीचे निरीक्षण सर्वांत मार्मिक : "आपलीच वीज आहे म्हणून हल्ली तुम्ही एसी बंदच करत नाही." बिले काढून पाहिली. तिचे खरे होते. वर्षभरात घराचा एकूण वापर ५,२०० युनिटांवरून ५,७०० वर गेला होता. बचतीचा आठवा भाग आम्हीच खाऊन टाकला.

आपल्या शहरानेही हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर मांडला आहे. नर्मदेचे पाणी जलूदहून उचलून इंदूरला चढवायला प्रचंड वीज लागते. त्यासाठी तिथेच ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायला महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले आणि नागरिकांनी ते उचलून धरले. नळाच्या पाण्याबद्दल सकाळी कुरकुरणाऱ्यांपैकी किती जणांनी ते घेतले, हे मी पोह्यांच्या गाडीवर विचारलेले नाही.

आमच्या सभेतील ते दोघे, पैसे पाण्यात म्हणणारे आणि बिल शून्य म्हणणारे, येत्या रविवारी आपापली बारा महिन्यांची बिले घेऊन घरी येणार आहेत. सर्जन मित्रांना मी एक कामही दिले आहे. इंदूरला डिसेंबरच्या अखेरीस भर मध्यान्हीसुद्धा खांबाची सावली जवळजवळ खांबाइतकीच लांब पडते. तेव्हा पाण्याच्या टाकीची उंची मोजून, ती सावली गच्चीवर उत्तरेकडे कुठवर जाईल, तेवढी खडूची रेघ मारून या, असे त्यांना सांगितले आहे.