उत्तराची झेरॉक्स निघत नाही



आपल्या हॉस्टेलवर एक वही फिरते. तिचा पहिला मालक कोण, हे आता कुणीच सांगू शकत नाही. प्लेसमेंटचा सीझन जवळ आला की ती कुणाच्या तरी पेटीतून बाहेर येते, झेरॉक्सच्या दुकानात जाते आणि रूमरूममध्ये पोचते. हल्ली तिची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, एवढाच काय तो फरक. वहीत इंटरव्ह्यूला हमखास येणारे प्रश्न आहेत. टेल मी अबाऊट युवरसेल्फ. तुमची स्ट्रेंथ काय, वीकनेस काय? पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल? आम्ही तुम्हालाच का घ्यावं? प्रत्येक प्रश्नाखाली आठ-दहा ओळींचं चकचकीत इंग्रजी उत्तर. रात्री अकराला गच्चीवर गेलात तर पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या मारत चार-पाच जण तीच उत्तरं घोकताना दिसतील.

मीही घोकली होती. त्याचं काय झालं ते आज सांगायचं आहे.

मागच्या सेमिस्टरला पुण्यात पूल कॅम्पस होता. आम्ही सातजण रात्रीच्या एसटीने निघालो, पहाटे स्टँडवर उतरलो, तिथेच तोंडं धुतली आणि बॅगेतले इस्त्रीचे शर्ट चढवले. अ‍ॅप्टिट्यूडमधून चौघे निघालो. इंटरव्ह्यूला माझा नंबर शेवटचा. आत एक साहेब आणि एक मॅडम. वीकनेस विचारल्यावर मी 'आय अ‍ॅम अ परफेक्शनिस्ट' असं सुरू केलं, तशी मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि चक्क मराठीत विचारलं, "तुमच्या कॉलेजात सगळ्यांचा दोष एकच आहे का हो? तुमच्या आधीच्या तिघांनी हाच सांगितला."

मला घाम फुटला. साहेबांनी सावरून घेतलं. "बरं, सुट्टीत काय करतोस?" मी म्हणालो, "रीडिंग बुक्स, सर." "शेवटचं कोणतं वाचलंस?" मी गप्प. "बीडचा ना तू? काय आहे तुमच्याकडे?" मी म्हणालो, "सर, मागास भाग आहे. दुष्काळ असतो." दहा मिनिटांत मी बाहेर.

आता खरं सांगतो. सुट्टीत मी पुस्तकं वाचत नाही. दहावीनंतरच्या प्रत्येक सुट्टीत मी मामाच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसतो. जळालेल्या मोटारीतली जुनी तार काढायची, कोणत्या स्लॉटमध्ये किती टर्न होते ते मोजून लिहून ठेवायचं, तारेचा गेज बघायचा, नवीन कॉइल भरायच्या, वॉर्निश करून वाळवायचं, हे सगळं मला येतं. थ्री फेज मोटारीचा एक फेज गेला की उरलेल्या दोन फेजवर ती जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं, हे मी पुस्तकात वाचण्याआधी दुकानात जळक्या वासावरून शिकलो. आणि गंमत बघा, ती कंपनी पंपाचीच होती! मला जे येतं तेच त्यांना हवं होतं, आणि मी तेच लपवून 'रीडिंग बुक्स' सांगून आलो. कारण काळे हात प्रोफेशनल दिसत नाहीत असं मला वाटलं. आणि वहीत तसं उत्तर नव्हतं.

तेव्हापासून माझं एक मत झालं आहे. इंटरव्ह्यूची तयारी करायलाच पाहिजे, आणि भरपूर करायला पाहिजे. पण आपण करतो ती तयारी नव्हे, ते पाठांतर. पाठांतरात वाक्यं तयार होतात, तयारीत आपला माल तयार होतो.

काहीजण म्हणतात, प्रश्न ठराविक, म्हणून उत्तरंही ठराविक. इथेच आपलं चुकतं. सगळ्यांना तेच प्रश्न विचारण्यात कंपनीचा आळस नसतो. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकन संशोधकांनी १९९८ साली कर्मचारी निवडीवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला होता. आधी ठरवलेले, सगळ्यांना सारखेच प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत उमेदवाराच्या पुढच्या कामाचा अंदाज मोकळ्या गप्पांपेक्षा चांगला देते, असं त्यात दिसलं. म्हणजे मोजपट्टी एकच ठेवायची आणि माणसं मोजायची. आपण सगळ्यांनी तेच उत्तर दिलं तर मोजायला उरतं काय?

फुटलेल्या उत्तरांची गोष्टही जुनी आहे. एडिसन आपल्या कारखान्यात नोकरी मागायला येणाऱ्या पदवीधरांची लेखी परीक्षा घ्यायचा. फ्रान्सला लागून कोणते देश आहेत, असले दीडशेच्या आसपास प्रश्न. १९२१ साली ते प्रश्न वर्तमानपत्रात छापून आले, म्हणजे आपल्या भाषेत पेपर फुटला, आणि एडिसनला प्रश्न बदलावे लागले. त्याच वर्षी आइन्स्टाइन अमेरिकेत आला होता. पत्रकारांनी त्याला त्याच धर्तीवर आवाजाचा वेग विचारला. जे पुस्तकात सापडतं ते मी डोक्यात ठेवत नाही, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं. आपण आइन्स्टाइन नाही, आवाजाचा वेग आपल्याला आलाच पाहिजे. पण 'तुझ्याबद्दल सांग' हा प्रश्न फुटला तरी त्याचं उत्तर फुटत नाही. ते तुमच्याशिवाय कुणाकडेच नसतं. आता तर चॅटजीपीटी अर्ध्या मिनिटात सुंदर उत्तर लिहून देतं. पण तुम्ही सुट्टीत काय केलं हे त्याला तुम्हीच सांगावं लागतं.

मग तयारी करायची कशी? मला सुचलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, आधी मराठीत लिहा. आपण आधी इंग्रजी वाक्य शोधतो आणि मग त्यात स्वतःला कोंबतो. त्यापेक्षा एका पानावर, आपण आजवर हाताने केलेल्या दहा गोष्टी लिहा. घरचं ड्रिप बसवलं, बहिणीच्या लग्नात मंडप-जेवणाचा हिशेब ठेवला, गॅदरिंगला साऊंड सिस्टीम लावली, मेसचं बिल तपासून चूक काढली. काहीही. मग त्याचं पाच-सहा शब्दांच्या सोप्या वाक्यांत इंग्रजी करा. 'आय वर्क्ड इन अ मोटर रिवाइंडिंग शॉप. आय लर्न्ट व्हाय मोटर्स बर्न.' यात व्याकरणाची चूक व्हायला जागाच नाही. समोरचा पुढचा प्रश्न तिथूनच विचारतो, आणि तो प्रश्न आपल्या घरचा असतो.

दुसरी, वीकनेस. परफेक्शनिस्ट हा शब्द आपण सगळ्यांनी मिळून एक वर्ष बंद करू या. खरा दोष सांगा, पण त्यावर काय करताय तेही सांगा. 'चारचौघांत इंग्रजी बोलताना अडखळतो, म्हणून रोज रूम पार्टनरशी पंधरा मिनिटं बोलतो.' मात्र हे खरंच करत असाल तरच.

तिसरी, बॅकलॉग आणि गॅप. याची भीती सगळ्यात मोठी. एम-थ्री राहिला असेल तर पेपर तपासणाऱ्याला दोष देत बसू नका. तीन वाक्यं पुरतात. काय झालं, मी काय केलं, आता स्थिती काय. चौथं वाक्य सुरू झालं की ते कारण सांगणं होतं.

चौथी, पाच वर्षांनंतरचा प्रश्न. 'मॅनेजर' म्हणून मोकळं होऊ नका. त्या कंपनीत पहिली दोन वर्षं ट्रेनीला काय काम असतं हे तिथे लागलेल्या सीनियरला फोन करून विचारा. ज्याला पहिलं वर्ष माहीत आहे, त्याच्या पाचव्या वर्षावर समोरचा विश्वास ठेवतो. बाँड आहे का, किती वर्षांचा, पोस्टिंग कुठे, हेही विचारा. शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' असं म्हणतात ते यासाठीच असतं, 'नो सर, थँक्यू सर' म्हणून उठायला नाही.

पाचवी, आपलं गाव. 'बीड म्हणजे मागास, दुष्काळ' हे उत्तर मी दिलं त्याची मला अजून लाज वाटते. अहो, दुष्काळावरसुद्धा इंजिनिअरला बोलता आलं पाहिजे. २०१५ साली परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. कोळशावर चालणारं केंद्र पाण्यावाचून का थांबतं? बॉयलरला, कंडेन्सरला, राख वाहून न्यायला पाणी लागतं म्हणून. मेकॅनिकलच्या पोरांनो, कूलिंग टॉवर, कंडेन्सर, रँकिन सायकल, तुमचा अर्धा सिलॅबस या एका उत्तरात येतो. सिव्हिलवाल्यांनी बीडची खजाना विहीर एकदा तरी नीट बघावी. सोळाव्या शतकातलं, निजामशाहीच्या काळातलं बांधकाम. विहिरीचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून केवळ उताराने शेतांपर्यंत नेलेलं. पंप नाही, वीज नाही. आणि इलेक्ट्रिकलवाल्यांनो, आपल्या डोंगरांवर फिरणाऱ्या पवनचक्क्या फक्त सेल्फी काढायला नाहीत. तिथली वीज ग्रिडला कशी जोडतात हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

आता थोडं अवघड बोलतो. आपल्या हॉस्टेलवर अशी मुलं आहेत की ज्यांचे आई-वडील दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन कारखान्याला जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. माझा एक मित्र त्यातलाच. फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे तो 'शेती' लिहितो. लिहू दे, घरची दोन एकर आहेच. घरची गोष्ट सांगायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. गरिबी सांगून नोकरी मागू नये या मताचा मी आहे, कारण समोरच्याला दया आली तरी दयेवर ऑफर लेटर निघत नाही. पण हाच मित्र अकरावीपासून वडिलांच्या टोळीचा हिशेब ठेवतो. कोणत्या जोडीने किती उचल घेतली, किती टन ऊस गेला, मुकादमाकडून किती कापले गेले, सगळं वहीत. दोनदा त्याने मुकादमाच्या हिशेबातली चूक शोधून पैसे परत मिळवून दिले. आणि 'जबाबदारी घेतल्याचं उदाहरण द्या' म्हटल्यावर तो सांगतो, "सर, आय वॉज क्लास मॉनिटर." तो मॉनिटर कधीच नव्हता! मी त्याला म्हटलं, "अरे, तुझ्याकडे सोनं आहे आणि तू पितळ दाखवतोस." तो म्हणाला, "तुला सांगायला सोपं आहे." खरं आहे त्याचं. म्हणून मी फार जोर करत नाही. पण दुःख सांगणं आणि काम सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं त्याने लक्षात घ्यावं असं वाटतं.

सर आणि मॅडमना एक विनंती आहे, राग मानू नये. इंटरव्ह्यूत सगळ्यात जास्त विकेट पडतात त्या 'तुमच्या प्रोजेक्टबद्दल सांगा' या प्रश्नावर. कारण कितीतरी प्रोजेक्ट बाहेरून विकत आणलेले असतात. हे आम्हाला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. वायव्हाला 'हा रेझिस्टर इथे का?' असा एकच प्रश्न तुम्ही कडक विचारलात तर आम्ही त्या वर्षी शिव्या देऊ आणि पुढच्या वर्षी आभार मानू. बंद पडलेला पण स्वतः केलेला प्रोजेक्ट इंटरव्ह्यूत चालतो. का बंद पडला हे तरी सांगता येतं. विकतचा चालू प्रोजेक्ट तिथे बंद पडतो. आणि जमलं तर महिन्यातून एक रविवार हॉस्टेलवर येऊन आमचे खोटे इंटरव्ह्यू घ्या. टाय नको, फाईल नको. फक्त प्रत्येक उत्तरावर 'म्हणजे नेमकं काय केलंस?' असं विचारा.

मला अजून नोकरी लागलेली नाही, तेव्हा 'माझं ऐका आणि यशस्वी व्हा' असं म्हणायचा मला हक्क नाही. पण मागच्या महिन्यात आणखी एक इंटरव्ह्यू झाला, ऑनलाइन. रूममधला पंखा आवाज करत होता म्हणून बंद करून बसलो. या वेळी मी मामाचं दुकान सांगितलं. समोरच्या साहेबांनी विचारलं, "सबमर्सिबल मोटारीला वेगळी तार का लागते?" मी सांगितलं, मोटार पाण्यातच असते, म्हणून तारेवर पाणी आत न घेणारं इन्सुलेशन लागतं. मग पुढचा अर्धा तास आम्ही मोटारींवरच बोललो. माझं इंग्रजी दोनदा अडकलं, दोन्ही वेळा ते थांबले. निकाल अजून आलेला नाही. पण लॅपटॉप बंद करताना हात थरथरत नव्हते.

म्हणून या वर्षी आम्ही गच्चीवरच्या मंडळींनी एक नवी वही घातली आहे. डाव्या पानावर प्रश्न लिहिले आहेत, तेच जुने, ठराविक. उजवं पान कोरं ठेवलं आहे. वही रूम नंबर चौदामध्ये आहे. झेरॉक्स खुशाल काढा. कोऱ्या पानाचीही निघेल, पण ती भरावी तुम्हालाच लागेल.