मनगटाचं सस्पेन्स खातं

सध्या माझा ज्या शब्दावर दात आहे, तो शब्द म्हणजे 'नॉर्मल'. गेले चौदा महिने माझं उजवं मनगट दुखतंय आणि गेले चौदा महिने ते नॉर्मल आहे. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी कशी, ते मला बी.कॉम.ला कुणी शिकवलं नव्हतं. तिथे एवढंच शिकवलं की जमा आणि नावे जुळलं पाहिजे. जुळत नसेल तर कुठेतरी काहीतरी आहे आणि ते सापडेपर्यंत घरी जायचं नाही.

मनगट हा मराठी माणसाचा मानाचा अवयव. आमचे पूर्वज जे काही करत ते मनगटाच्या जोरावर. गुडघ्याच्या जोरावर राज्य मिळवल्याचं कुणी ऐकलंय का? मी मात्र मनगटाच्या जोरावर बँकेत कारकुनी करतो. नोटा मोजणं, शिक्के मारणं, माउस फिरवणं, छपाईच्या यंत्रात अडकलेलं पासबुक ओढून काढणं, ही आमची मर्दुमकी. बँकेत संगणक आले तेव्हा हाताला आराम मिळेल असं सांगत होते. आराम लेजरला मिळाला.

दुखणं तसं दिसायला काहीच नाही. सूज नाही, लाली नाही. पण डब्याचं झाकण उघडत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही आणि सहीचा शेवटचा फटकारा यायच्या आधीच हात आखडतो. परिणामी मी लिहिलेला चेक 'सही जुळत नाही' असा शेरा घेऊन परत आला. म्हणजे माझं मनगट बदललंय हे बँकेच्या सहीच्या नमुन्याला कळलं. कळलं नाही ते फक्त वैद्यकशास्त्राला.

'हात दाखवून अवलक्षण' ही म्हण ज्यानं केली तो नक्की हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन आलेला असणार. मी पाच डॉक्टरांना हात दाखवला. पहिल्यांनी गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी एक्स-रे काढायला लावला. तिसऱ्यांनी रक्त काढलं: युरिक ॲसिड, संधिवाताचा फॅक्टर, थायरॉईड, साखर, व्हिटॅमिन डी. नसांमधून वीज सोडून झाली. एम.आर.आय.च्या बोगद्यात हात पुढे करून अर्धा तास पालथा पडून झालो. फाईल जाड होत गेली आणि प्रत्येक कागदावर तोच शब्द. चौथ्या डॉक्टरांनी तर फाईल चाळली, रिपोर्ट उजेडाकडे धरला आणि "अभिनंदन, काही नाही!" म्हणाले. मनगटाला त्यांनी हात लावला नाही. तेवढ्यासाठी ते बिचारं सकाळपासून रांगेत बसलं होतं.

आता भांडणाचा मुद्दा. माझा डॉक्टरांवर राग नाही, यंत्रांवर तर मुळीच नाही. माझा राग आहे तो 'दिसलं नाही' याचं भाषांतर 'नाही' असं करण्यावर.

१८९५ साली दोन गोष्टी घडल्या. जर्मनीत रॉन्टगेन यांना एक्स-रे सापडले. त्यांनी काढलेल्या सगळ्यांत गाजलेल्या चित्रात त्यांच्या पत्नीचा हात आहे. हाडं दिसतात आणि बोटातली अंगठी दिसते. याच शोधासाठी १९०१ साली त्यांना भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं. त्याच १८९५ साली स्वित्झर्लंडमधल्या डी क्वेर्वेन नावाच्या सर्जननी मनगटाच्या एका दुखण्याचं वर्णन केलं. अंगठ्याकडे जाणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या ज्या नळीतून जातात ती जाड होते आणि अंगठा हलवला की कळ येते. तान्हं मूल सारखं उचलणाऱ्या आयांना हे दुखणं पुष्कळदा होतं. ते ओळखायला अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवतात. फी नाही, बोगदा नाही. आणि हे दुखणं एक्स-रेत दिसत नाही! म्हणजे ज्या वर्षी यंत्र जन्माला आलं, त्याच वर्षी त्याला न दिसणारं दुखणंही कागदावर आलं होतं. सव्वाशे वर्षांनंतरही आमचे लोक एक्स-रे स्वच्छ आला की पेढे वाटतात.

एक्स-रेला हाडं दिसतात. दोऱ्या, नसा, गाद्या त्याला दिसत नाहीत. तेव्हा एक्स-रे पाहून 'मनगट ठीक आहे' म्हणणं म्हणजे तिजोरीतली रोकड मोजून 'सर्व ग्राहकांच्या सह्या बरोबर आहेत' असं लिहून देणं. आमच्याकडे असं करणाऱ्याची चौकशी लागते.

बरं, हाडं तरी सगळी दिसावीत? मनगटात आठ छोटी हाडं असतात, चाळीतल्या बिऱ्हाडांसारखी दोन ओळींत दाटीवाटीनं बसलेली. त्यांतल्या स्कॅफॉइड नावाच्या हाडाला तडा गेला, तर तो पहिल्या एक्स-रेत दिसेलच असं नाही. म्हणून संशय असेल तर दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. ल्युनेट नावाच्या चंद्रकोरीसारख्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते हळूहळू निकामी होऊ शकतं; १९१० साली व्हिएन्नाच्या किनबॉक यांनी याचं वर्णन केलं. सुरुवातीला हाही आजार साध्या एक्स-रेत लपतो. किनबॉक स्वतः एक्स-रेचेच तज्ज्ञ होते. करंगळीच्या बाजूला कूर्चेची एक गादी असते; ती फाटली की धुणं पिळताना जीव जातो, पण एम.आर.आय.लासुद्धा ती फट कधी कधी हुकते. आणि तळहाताच्या बाजूच्या अरुंद बोळातून नऊ दोऱ्या आणि एक नस एकदम जातात. त्या नसेची गर्दीत घुसमट झाली की रात्री बोटं बधिर होतात. मुंबईच्या लोकलनं जाणाऱ्याला ती कशी, हे समजावून सांगायला नको.

सुश्रुतसंहितेत शरीरातली १०७ मर्मं सांगितली आहेत. त्यांतली आठ 'रुजाकर', म्हणजे इजा झाली की वेदना देत राहणारी. त्या आठांत दोन मणिबंध आहेत, म्हणजे तुमची-आमची दोन मनगटं. ही जागा दुखरी आहे हे त्यांना फोटो न काढता माहीत होतं.

मधल्या काळात मेव्हण्यानं मला एका ज्योतिषाकडे नेलं. त्यांनी माझा हात दहा मिनिटं हातात धरला. उताणा केला, पालथा केला, मनगटावरच्या मणिबंधाच्या रेषा मोजल्या, "इथं दुखतं का? आणि इथं?" असं विचारलं. निदान शनीचं निघालं, ते सोडा. पण माझा सवाल असा की हात हातात घेऊन बघणारा चौदा महिन्यांत मला पहिल्यांदा भेटावा, आणि तो ज्योतिषी असावा? लोक बुवा-बाबांकडे का जातात यावर परिसंवाद भरतात. मला वाटतं, निम्मे लोक कुणीतरी हात धरावा म्हणून जात असतील.

रिपोर्ट संपले की डॉक्टर चष्मा काढतात आणि विचारतात, "काही टेन्शन आहे का?" आता मार्च अखेरीला बँकेतल्या माणसाला हा प्रश्न विचारणं म्हणजे मासळीबाजारात 'वास येतोय का?' विचारणं. टेन्शन आहेच. त्यानं दुखणं वाढतं हेही मी ऐकून आहे आणि मला मान्य आहे. पण 'वाढतं' आणि 'तेच आहे' यात मुद्दल आणि व्याजाइतका फरक आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारून घेतली, तेव्हा सोबत स्पष्ट नोंदवून ठेवलं की माणूस 'मला दुखतंय' म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. जगातल्या तज्ज्ञांनी मान राखला. गल्लीतले अजून चष्मा काढतात.

शिवाय विचारतात, "दुखतं म्हणजे शार्प की डल?" अहो, कळ, चमक, ठणका, रग, सल, ठुसठुस, भरून येणं, अवघडणं... ज्या भाषेनं एवढे शब्द जमवून ठेवले तिला तुम्ही दोन खणांचा फॉर्म भरायला लावता? माझ्या मनगटात सकाळी रग असते, किल्ली फिरवताना चमक येते आणि रात्री ठणका लागतो. हे तिन्ही शब्द लिहून घेतले असते तर निदानाकडे तीन पावलं पडली असती.

"डॉक्टरांना वेळ नसतो हो," असं म्हणणारे भेटतात. खरं आहे. बाहेर साठ माणसं असतात. काउंटरच्या मागे बसणाऱ्याला रांगेची धास्ती मला कुणी समजावून सांगायला नको. पण 'काही नाही' म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच 'मला कळलेलं नाही' म्हणायला लागतो. मी घड्याळ लावून पाहिलंय.

आमच्या बँकेत एक फार सज्जन खातं असतं. त्याचं नाव सस्पेन्स खातं. पैसे आले, पण कुणाचे, कशाचे ते कळत नाही, की ते तिथे ठेवतात. कुणाचे ते कळत नाही, म्हणून पैसे आलेच नाहीत असं आजवर एकाही मॅनेजरनं म्हटलेलं नाही. नोंद राहते, तारीख राहते आणि ऑडिटर येऊन विचारतो, "ही नोंद अजून का पडून आहे?" माझं म्हणणं एवढंच आहे: बेवारशी पैशांना जी इज्जत मिळते, ती बेवारशी दुखण्याला मिळावी. फाईलवर 'निदान बाकी' लिहा आणि पुढची तारीख घाला.

हा शब्दांचा खेळ नाही. आजाराला नाव नसेल तर रजेच्या अर्जातला रकाना रिकामा राहतो आणि रिकाम्या रकान्यावर रजा मिळत नाही. माझं एक वेळ भागेल. मी डाव्या हातानं शिक्के मारायला शिकलोय. पण आमच्याकडे धुणं-भांडी करणाऱ्या मावशींचंही मनगट दुखतं, करंगळीच्या बाजूला, चादर पिळताना. त्यांचा एक्स-रे नॉर्मल आला आणि दुसऱ्या दिवशी आमच्याच इमारतीतल्या एका घरानं सुनावलं, "रिपोर्टात काही नाही ना, मग खाडे कसले?" पगार कापला तो त्या एका शब्दाच्या जोरावर. डॉक्टरांच्या लेखी तो धीराचा शब्द होता. मावशींच्या लेखी तो खोटेपणाचा दाखला ठरला.

पाचवे डॉक्टर वयानं लहान होते. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि एका बोटानं माझ्या मनगटावर जागोजागी दाबत गेले. मी दोनदा ओरडलो. मग म्हणाले, "काका, तुम्हाला दुखतंय हे नक्की. का दुखतंय ते मला आज सांगता येत नाही. पट्टा बांधा, तीन आठवड्यांनी या, पुन्हा बघू." मनगट होतं तसंच दुखत होतं, पण मी जिना उतरलो तो चौदा महिन्यांत पहिल्यांदा खरं बोलणारा माणूस समजला गेल्याच्या आनंदात.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरात कुणाचं असं बेनाव दुखणं असेल, तर रिपोर्ट घेऊन उठायच्या आधी तीन प्रश्न विचारा. या तपासणीत काय काय दिसत नाही? बोट ठेवून कुठे दुखतं ते बघाल का? आणि पुन्हा कधी येऊ? उत्तर 'माहीत नाही' आलं तरी रागावू नका. ते प्रामाणिक उत्तर आहे, त्याची फी आनंदानं द्या. मात्र उत्तर 'काही नाही' आलं, तर शांतपणे एवढंच म्हणा, "डॉक्टरसाहेब, काही नसेल तर या कागदावर लिहून सही करा. सह्या तपासणं हा माझा धंदा आहे."