बरे झाल्यानंतर

मुखाच्या वा कंठाच्या कर्करोगातून रुग्ण बरा झाला आणि दवाखान्याच्या दप्तरी तशी नोंद पडली, की प्रकरण निकालात निघाले असे आपण समजतो. परंतु सहा-सात आठवड्यांच्या किरणोपचाराने ज्याच्या लालाग्रंथी शुष्क झाल्या, त्याला भाकरीचा तुकडा पाण्याच्या घोटावाचून उतरत नाही, आखडलेला जबडा दोन बोटांपलीकडे उघडत नाही, आणि पंगतीचे आमंत्रण तो काही ना काही सबबीवर टाळू लागतो, हे घरच्यांवाचून कोणाला फारसे ठाऊक नसते. मिश्री, तंबाखू आणि २०१२ पासून बंदी असूनही राजरोस मिळणारा गुटखा यांच्या या मुलुखात अशी घरे थोडी नाहीत. म्हणूनच प्रस्तुत अंकासाठी आम्ही हा विषय मुद्दाम निवडला.

रोगाची भीषण वर्णने येथे नाहीत. (ती पुडीवर छापलेली असतातच, आणि त्यांचा उपयोग किती, हे सर्वजण जाणतात.) आमचा भर व्यवहारावर आहे: जबड्याचे व्यायाम, गिळण्याचे पुनःशिक्षण, आणि विशेषेकरून वर्षे लोटल्यावर विस्मरणात जाणारी पथ्ये. किरण पडलेल्या जबड्यातील दात परस्पर उपटल्यास हाड निर्जीव होण्याचे भय आजन्म राहते. मानेवर किरण घेतलेल्यांनी थायरॉइडची रक्ततपासणी नियमाने करवून घ्यावी, कारण त्या ग्रंथीच्या मंदत्वाने येणारा थकवा बहुधा वार्धक्याच्या खाती मांडला जातो.

ज्यांनी हे सोसले, वा ज्यांनी शुश्रूषा केली, त्यांनी आपले अनुभव आम्हांस अवश्य कळवावेत. बोलणे ज्यांना कष्टाचे झाले आहे, त्यांच्या पत्रांना आम्ही प्रथम स्थान देऊ.